धुतलेला पाला

आमच्या कोंबड्यांच्या शेडामागे एक निळं पिंप आहे. न्हावा शेव्याच्या कुठल्याशा यार्डात पामतेल घेऊन आलेलं, तिथून भंगारवाल्याकडे आणि भंगारवाल्याकडून शेडाच्या मालकांकडे, काकांकडे. संध्याकाळी त्यात सुबाभळीचा पाला बुडवायचा, वर फरशीचा तुकडा ठेवायचा म्हणजे पाला तरंगत नाही, आणि सकाळी पाणी ओतून द्यायचं. पाणी चहासारखं झालेलं असतं. काम हाताचं आहे, त्याला डोकं लागत नाही. तरी पिंपात वाकलो की मला मायचा डावा डोळा आठवतो.

मी हिंगोलीकडचा. नववी अर्ध्यात सोडली आणि गावच्या चार जणांबरोबर मुकादमाच्या मागे इकडे आलो. कंटेनर रिकामे करायचं काम होतं. उन्हाळ्यात त्या पत्र्याच्या पेटीत शिरलं की भाकरी भाजायच्या तव्यावर उभं राहिल्यासारखं वाटायचं. काही महिन्यांत मला टायफॉईड झाला. मुकादमाची माणसं दुसऱ्या साईटवर गेली. मी खोलीत पडून राहिलो. ती खोली काकांच्या चाळीतली. नळ कोणी चालू ठेवलाय हे बघायला काकी आल्या आणि मला बघून परत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर काढतील. त्या पेजेचं पातेलं घेऊन आल्या.

ते पातेलं मी अजून विसरलेलो नाही आणि तिथंच सगळी अडचण आहे. माणसानं आपल्याला मारलं तर पळून जाता येतं. पेज पाजली तर कसं पळणार?

काका इथलेच, जुन्या आगरी घरातले. त्यांची भातशेती प्रकल्पात गेली, त्या बदल्यात मिळालेल्या जागेवर आधी चाळ, मग इमारत उभी राहिली, भाडेकरू आले. एक लांबट तुकडा रस्त्याच्या कडेला उरला होता. तिथं त्यांनी ब्रॉयलरचं शेड घातलं. त्यांना त्याची गरज नव्हती. नेरूळला राहणारा त्यांचा मुलगा म्हणायचा, पप्पा, विकून टाका आणि आराम करा. पण आयुष्यभर चिखलात पाय घातलेला माणूस नुसता सोसायटीच्या खुर्चीवर बसला की चिडचिडा होतो. काकांना काहीतरी वाढताना बघायला लागतं. बरा झाल्यावर मला त्यांनी शेडावर ठेवलं. शेडाच्या एका टोकाला प्लायवूड लावून माझी खोली केली. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पिल्लं. मधे ते प्लायवूड.

ब्रॉयलरचं पिल्लू पिवळ्या कापसाच्या बोंडाएवढं येतं आणि पाच-सहा आठवड्यांत विकायला तयार होतं. एवढ्या काळात त्याला एकटं सोडता येत नाही. वीज गेली तर दिवे आणि पंखे बंद. पंखे बंद झाले की ती एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची मरतात. मुंगूस येतं. पाण्याची नळी तुंबते. सगळा माल उचलला की मग शेड धुवायचं, चुना मारायचा, नवं तूस पसरायचं आणि काही दिवस रिकामं ठेवायचं. ती माझी सुट्टी. पण एकदा त्या सुट्टीत काकांचा गुडघा सुजला, एकदा छप्पर उडालं, एकदा नवी पिल्लं लवकर आली. शेडाला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याच खिशात असते. तरी दोन वर्षं मी गावाला गेलो नव्हतो.

पाल्याचं सुचवलं मीच. त्या वर्षी सोयापेंड महागली होती आणि काका खाद्याची गोणी उघडताना दर वेळी गोणीशीच भांडायचे. माझी माय शेळ्यांना सुबाभळीचा पाला घालते. शेळ्या त्यावर अशा तुटून पडतात, की बघत राहावं. मी भीतभीत म्हणालो, काका, थोडा पाला वाळवून, चुरून खाद्यात मिसळला तर?

काकांनी माझ्याकडे बघितलं. "बाला, कोंबरी काय बकरी हाय?"

चार दिवस ते सगळ्यांना हा विनोद सांगत होते. पाचव्या दिवशी विळा घेऊन स्वतःच आले. म्हणाले, चल, बगू तुज्या आयेची अक्कल.

सुबाभूळ इथं मागायला जावं लागत नाही. ट्रेलर जातात त्या रस्त्याच्या दोन्ही कडांना आपोआप वाढलेली आहे. फक्त तिच्यावर धूळ असते. दिवसभर कंटेनरच्या गाड्या जातात, त्यांची काळी-करडी धूळ पानापानावर बसलेली. उन्हाळ्याचे दिवस होते. पाला हातात घेतला की हात मेकॅनिकसारखे व्हायचे. काकी म्हणाल्या, ही घाण कोंबड्यांच्या पोटात घालू नका, आधी धुवा. नुसतं धुऊन ती निघेना. म्हणून ते पिंप आलं. संध्याकाळी पाला भिजत घालायचा, सकाळी उपसायचा, इमारतीच्या गच्चीवर ताडपत्रीवर वाळत घालायचा. गच्चीवर भाडेकरणींचे पापड असायचे. त्यांच्यात आणि आमच्यात उन्हावरून तंटे व्हायचे. पाला कडक वाळला की हातानं चुरायचा, काड्या वेगळ्या करायच्या आणि चाळणीनं चाळायचा. खाली हिरवी पूड पडते, मेंदीसारखी. ती खाद्यात अगदी थोडी मिसळायची.

त्या बॅचच्या कोंबड्यांचे पाय हळदीनं माखल्यासारखे पिवळेधमक झाले. कातडीही पिवळसर. जुईनगरचा एक दुकानदार आमच्याकडून माल नेतो, तो म्हणाला गिऱ्हाईक पाय बघून विचारतंय, ही कुठली? पुढच्या वेळीही अशीच दे. सारसोळ्यातल्या एका मावशीनं तर गावठी समजून दोन नेल्या आणि घरी जाऊन शिजवल्यावर, लवकर शिजली म्हणून शिव्या देत परत आली. काका खूश. नाक्यावर कोणी भेटला की मला पुढं करायचे, ह्यो आमचा डाक्टर. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. टायफॉईडमधून उठवलेल्या माणसानं काहीतरी परत दिलं, असं वाटायचं.

माय गावाला एकटीच असते. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. उजव्यातही सुरुवात होती. चुलीतला जाळ दिसतो पण भाकरी करपली ते वासानं कळतं, असं ती हसत सांगायची. तालुक्याला ऑपरेशनचं शिबिर लागायचं, सगळं फुकट व्हायचं. पण नंतर बरेच दिवस डोळ्यात थेंब घालायचे असतात, धुरात बसायचं नसतं, वाकायचं नसतं, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नसतं. ती एकदा नाव नोंदवून परत आली होती. फोनवर म्हणाली, "परक्याच्या हातानं डोळ्यात औषध नको रे बाबू. तू आलास की करू. तोवर दिसतंय की मला अर्धं."

पुढचं शिबिर श्रावणाच्या सुरुवातीला होतं. मी काकांना सांगितलं. काका लगेच म्हणाले, मग त्यात काय, गटारीला माल गेला का तू गाडीत बस. आयेचा डोळा करूनच ये. काकींनी तर मायसाठी एक साडी काढून ठेवली. निळी, काठाला मासोळीसारखी नक्षी.

गटारी म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा दिवस. श्रावण लागायच्या आधी इकडच्या घराघरात कोंबडी शिजते. महिनाभर खायची नाही म्हणून आधीच खाऊन घेतात. त्या दिवसावर नजर ठेवून पिल्लं आणायची, म्हणजे बरोबर त्या वेळेला ती वजनावर येतात. वजन चुकलं तर व्यापारी हात लावत नाही आणि गटारी गेली की निम्मी गिऱ्हाइकं महिनाभर तिकडे फिरकत नाहीत. काकांनी पिल्लं अगदी हिशेबात आणली. माझंही तिकीट काढलेलं होतं, पनवेलवरून. मी ते मोबाईलमध्ये उगाच उघडून बघायचो.

त्या बॅचला आम्ही पाला पावसाळ्यात काढला. पाऊस पडून गेला होता, झाडं धुतलेली. नवा पाला फुटलेला, कोवळा, लुसलुशीत. हाताला धूळ लागत नव्हती. काकी म्हणाल्या, देवानंच धुतलाय, आता पिंपात कशाला? शिवाय भिजवलेला पाला त्या दमट हवेत वाळणार कुठे? गच्ची बंद. म्हणून तो तसाच, झाडावरून काढून, शेडातल्या पंख्यासमोर दोऱ्यांवर टाकून सुकवला. मस्त हिरवागार राहिला. उन्हात वाळवला की तपकिरी पडायचा, हा जणू आत्ताच तोडलेला. काका म्हणाले, थोडा जास्ती टाक, गटारीला पाय दिसले पायजेत. मी दुप्पट टाकला.

आधी मला वाटलं, आपल्यालाच वेड लागलंय. मी तसाही सारखा काळजी करणारा माणूस आहे. गॅस बंद केला का ते तीनदा बघतो. चौथ्या आठवड्यात पिल्लं नेहमीपेक्षा शांत वाटली. खाद्याच्या भांड्यावर झुंबड उडायची ती उडेना. थोडं टिपायची, बाजूला व्हायची, पंख विस्कटून बसायची. एकेक उचलून काट्यावर ठेवली. काटा मागे. मला वाटलं काटा बिघडला, म्हणून मी गव्हाचं पाकीट ठेवून बघितलं. काटा बरोबर होता.

काकांना सांगावं की नाही यात मी दोन दिवस घालवले. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पावसाची मरगळ असंल, येतील वर. पण त्यानंतर तेही दिवसातून पाच वेळा शेडात येऊ लागले. खांबाला टेकून उभे राहायचे आणि कोंबड्यांकडे बघत राहायचे. मी त्यांच्याकडे बघायचो. बाहेर ट्रेलरची रांग लागलेली असायची, ते हॉर्न वाजवायचे आणि एकही पुढं सरकत नसे.

गटारीच्या दोन दिवस आधी व्यापारी टेम्पो घेऊन आला. तो नेहमी गमती करणारा माणूस. आत येऊन त्यानं एक कोंबडी पायाला धरून उचलली, वर केली, फिरवून बघितली.

"काका, पाय काय सोनाराकडनं घडवून आणले?" तो म्हणाला. "मी पाय बघून नाय नेत. छाती कुठाय हिची?"

काका हसले नाहीत. त्यानं आणखी चार-पाच उचलून बघितल्या, प्रत्येक वेळी हळूच खाली ठेवली आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, काका, एवढ्या हलक्या मालाचं मी गटारीला काय करू, दुकानदार माझ्या तोंडावर फेकतील. त्यानं त्यातल्या त्यात मोठ्या निवडून नेल्या. बाकी सगळ्या राहिल्या. टेम्पोच्या रिकाम्या जाळ्या खडखडत गेल्या, तो आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी काकांनी ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. तरुण होते, पावसात बुटांना पिशव्या बांधून आले. कोंबड्या बघितल्या, खाद्य हातात घेतलं, हुंगलं. हिरवी पूड बोटावर घेऊन विचारलं, हे काय? मी सांगितलं. किती घालता, विचारलं. तेही सांगितलं. मग विचारलं, "पाला धुता का?"

मी म्हणालो, यंदा धूळच नव्हती.

त्यांनी बोटावरची पूड झटकली. मग त्यांनी नीट समजावून सांगितलं, अजिबात न रागावता. सुबाभळीत एक विषारी द्रव्य असतं, कोवळ्या पाल्यात जास्त. शेळीचं पोट ते पचवतं, कोंबडीचं पचवू शकत नाही. कोंबडीची भूक मरते, वाढ थांबते. पाण्यात रात्रभर ठेवलं की त्यातलं बरंचसं पाण्यात उतरतं, उन्हात कडक वाळवलं की आणखी कमी होतं. उन्हाळ्यात तुम्ही धूळ काढत होता, त्याबरोबर ते निघून जात होतं. आता पाला बंद करा. मरणार नाहीत, पंधरा दिवसांत अंग धरतील. पुढं घालायचा असेल तर धुऊन, आणि चिमूटभरच.

ते गेल्यावर काका पिंपाजवळ जाऊन उभे राहिले. पिंप पावसाच्या पाण्यानं काठोकाठ भरलं होतं. मला वाटलं, आता बोलतील. आता तरी एक शिवी देतील. मी तयारीत होतो. ते म्हणाले, "मीच बोल्लो ना तुला, जास्ती टाक." आणि घरी गेले.

शिवी दिली असती तर मी कदाचित त्याच दिवशी निघालो असतो.

गटारीच्या दिवशी सगळ्या गल्लीत मसाल्याचा वास होता. काकींनी माझ्यासाठी डबा आणला, तांदळाच्या भाकऱ्या आणि रस्सा. आमच्याच कोंबडीचा. मी जेवलो नाही तर त्यांना वाईट वाटेल म्हणून जेवलो. गाडी दुसऱ्या दिवशी होती. पंधरा दिवस म्हणजे शिबिर होऊन जाणार. मी खाली बघत म्हणालो, काकी, माझं गावाचं कसं करू?

त्या डबा आवरत होत्या. म्हणाल्या, मुलाला रजा नाही. काका म्हणतायत ते स्वतः शेडात झोपतील. गुडघा आहे असा. पण झोपतील. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "जा ना रं बाला. आमी काय तुला बांदून ठेवलंय का?"

त्या अगदी मनापासून बोलल्या होत्या, हे मला आजही ठाऊक आहे. साडीची पिशवीही त्यांनी सोबत आणली होती. मी पिशवी घेतली, प्लायवूडवरच्या खिळ्याला अडकवली आणि तिकीट रद्द केलं. मोबाईलनं विचारलं, नक्की का? मी हो दाबलं.

मायला फोन केला. तिला कोंबड्यांचं काही सांगितलं नाही, पाऊस फार आहे म्हणालो. ती म्हणाली, असू दे, डोळा काय पळून चाललाय. मग विचारलं, जेवलास का? मी म्हणालो, कोंबडी खाल्ली. ती म्हणाली, मग मजा आहे बाबा तुझी.

त्यानंतरचे दिवस मी नीट सांगू शकत नाही. बाहेर श्रावण, आत कोंबड्या. आता त्यांना भूक लागली होती. दिवसभर भांड्यांवर चोची आपटायच्या. त्या जितकं खायच्या तितका मी त्यांच्यावर चिडायचो. मग चिडलो म्हणून वाईट वाटायचं, मग त्यांचं पाणी पुन्हा बदलायचो. शिबिराच्या दिवशी मी सकाळपासून फोन लावत होतो. मायचा फोन लागत नव्हता. मी मनात म्हटलं, चार्जिंग नसेल. मग वाटलं, अर्ध्या डोळ्यानं विहिरीवर गेली असेल. मग त्यापुढचं सगळं वाटलं.

दोन दिवसांनी मी शेडात असताना गावाकडच्या शेजारच्या वहिनीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या मोबाईलवर माय. डोळ्याला काळा चष्मा, डोक्यावरून पदर, नवरीसारखी सजून बसलेली. वहिनी मागून सांगत होती, भाऊजी, मीच नेलं धरून. तुमच्या नावानं रडत होती, म्हटलं चला, माझे हात काय विंचवाचे आहेत? आता चार-चार तासांनी मीच घालते थेंब. चुलीपुढं फिरकू देत नाही.

मायनं चष्मा थोडा वर केला. वहिनी ओरडली, तिनं ऐकलं नाही. डोळा लाल होता, पाण्यानं भरलेला, आणि तो मोबाईलच्या काचेवर इकडून तिकडे फिरत होता, काहीतरी शोधल्यासारखा. मी तिच्या समोरून बाजूला झालो नव्हतो. ती माझ्या मागे बघत होती.

"त्या कोंबड्यांचे पाय असे पिवळे कशानं रे?" ती म्हणाली.

मी म्हणालो, पाल्यानं. तू शेळ्यांना घालतेस त्या.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "सगळं दिसतंय. तू वाळलास."

त्या कोंबड्या शेवटी वजनावर आल्या. श्रावणात त्या उचलणार कोण, ही काकांची काळजी उरणच्या बाजूच्या एका भटारखानेवाल्या चाचांनी मिटवली. लग्नाच्या जेवणावळी करायचे, त्यांना श्रावण लागू नव्हता. शेड रिकामं झालं. मी ते धुतलं, चुना मारला. काका खुर्ची घेऊन दारात बसले आणि म्हणाले, आता जा बाला. पंधरा दिवस जा, महिना जा. मनापासून म्हणाले.

मी मायला फोन केला. तिनं विचारलं, कशाला आता पावसात? थेंब संपत आलेत, वहिनी आहे. इतका लांबचा प्रवास. दिवाळीला ये, दोन्ही डोळ्यांनी बघीन तुला. ती खरंच आनंदात होती. तिच्या आवाजात माझ्यावाचून काही अडलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मी रिकाम्या शेडात उभा राहिलो. दार सताड उघडं, रस्ता मोकळा, किल्ली खिशात, आणि जायला काहीच कारण नव्हतं. इतके दिवस ते कारण हातात धरून मी इथं टिकलो होतो, हे मला तेव्हा कळलं.

काकांनी दुसऱ्याच आठवड्यात पिल्लं मागवली.

निळी साडी अजून खिळ्यालाच आहे. दिवाळी येऊन गेली, तेव्हा बॅच मध्यावर होती. संक्रांतीला म्हणालोय. काका मधूनच विचारतात, पाला भिजवलास का रं, धूल नसली तरी? मी म्हणतो, भिजवला. फरशी उचलतो, हात घालून पाला खालवर करतो, पाणी हळूहळू गढुळतं. सकाळी पिंप कलतं करून ते शेडामागच्या बांधाकडे सोडून देतो. तिकडची सुबाभूळ ते पिऊन चांगली वाढलीय. आता पाल्यासाठी मला रस्त्यापर्यंतही जावं लागत नाही.